उतरू नको म्हणून मी वाळूत उभी राहिले

मी अलास्कात नद्यांचा अभ्यास करायला गेले होते, तेव्हा नलिनी कदम यांनी तिथल्या त्यांच्या घरी, स्वयंपाक करता करता सांगितलं. त्यांच्याच बोलीत लिहून घेतलं आहे.

मी मूळची बार्शीची. बार्शी ठाऊक असंल की तुमाला, तुमी पुण्याच्या म्हणता म्हंजे गाडीतनं जाताना पाटी तरी बघितली असंल. आमच्या वडलांचा मंडपाचा धंदा होता. लग्नाचे मंडप, कनाती, झालरी, अन् पावसाळ्यात पोत्यांवर टाकायच्या ताडपत्र्या, अन् ते सगळं सारखं फाटायचं, वाऱ्यानं फाटायचं, बांबूत अडकून फाटायचं, अन् शिवायला आमी बहिणी. दाभण घ्यायचं, सुतळीला मेण लावायचं अन् बसायचं. बहिणी कंटाळायच्या, मला आवडायचं. नवा मंडप चढवला की वारा आत शिरायचा, सगळं कापड एकदम पोट फुगवून उभं राहायचं, अन् मला वाटायचं हे आता जातंय, बांबूबिंबू घेऊन वर जातंय, अन् मी खाली सावलीत उभी राहून वाट बघायची. जात न्हवतं कुठं, पण वाट बघायला बरं वाटायचं.

लग्न झालं, सोलापुरात आले. माझा मोठा भाऊ आधीपासनं अमेरिकेत होता, त्यानं आमचे पेपर केले, अन् ते यायला एवढी वर्षं गेली की आमी अर्ज केलाय हेच विसरलो होतो. निखिल तवा चौथीत होता. आमी आलो न्यू जर्सीत, आयसेलिनला. तितं काय, सगळी आपलीच दुकानं, साड्या, दागिने, चाट, रस्त्यावर उभं राहिलं तर परदेशात आलोय असं वाटायचंच न्हाई. मी एका साडीच्या दुकानात मागच्या खोलीत फॉल-पिको करायची, ब्लाउज शिवायची. निखिलचे पप्पा गॅस स्टेशनवर, म्हंजे आपला पेट्रोल पंप, तितं दुकानात काउंटरला उभे राहायचे. सकाळी उभे राहायचे ते संध्याकाळपर्यंत, काचेच्या मागं, सिगारेटी द्यायच्या, लॉटरी द्यायची, हॅव अ गुड डे म्हणायचं. कधी तक्रार केली न्हाई. अन् एक दिवस दुपारी त्या काउंटरच्या मागंच खाली बसले ते उठले न्हाईत. निखिल हायस्कूलला होता. त्यो त्या दिवशी काउंटरच्या आतल्या बाजूला पहिल्यांदाच गेला, अन् नंतर मला म्हणला, आई, पप्पांना तिथून फक्त पंप दिसायचे गं, आभाळ दिसायचंच नाही, वर छत आहे.

तेवढंच म्हणला. पण पोरानं ते मनात धरलं असणार, कारण बारावी झाल्यावर सगळ्यांची पोरं कॉम्प्युटर करायला गेली अन् हा विमानं दुरुस्त करायच्या शाळेत गेला. भाऊ म्हणला, मेकॅनिकच व्हायचं होतं तर अमेरिकेला कशाला आणलं. मला मात्र बार्शीतलं आठवलं. माझी आजी विमानाला इमान म्हणायची, इमान आलं गं इमान आलं, म्हणून आमी सगळी अंगणात पळायचो. निखिलला मी हे सांगितलं तर त्याला भारी आवडलं, त्यो अजून इमानच म्हणतो, बाकी मराठी त्याची निम्मी इंग्लिश.

शाळा संपली अन् त्याला नोकरी लागली ती हितं, अलास्कात. मी म्हटलं मी एकटी न्यू जर्सीत काय करू, मीपण येते. आले तर काय, रस्ता गावाबाहेर थोडा जातो अन् संपतो. पुढं रस्ताच न्हाई. पुढं नद्या, डोंगर, बर्फ, अन् कुणाला कुठं जायचं असंल तर छोट्या विमानानं. दुकानातलं दूध विमानानं, दवाखान्याला जायचं तर विमानानं, पोस्टसुद्धा. अन् ती विमानं म्हंजे काय, ताई, आपल्या रिक्षाएवढी. पुढं एक जण बसतो, त्याच्या मागं एक जण, संपलं. टायर मात्र असे भोपळ्यासारखे फुगलेले, कारण ती उतरतात कुठं, तर नदीतल्या वाळूवर, गोट्यांवर, डोंगराच्या पाठीवर, जिथं जागा दिसंल तिथं.

अन् पंख कापडाचे. मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. निखिल ज्या हँगरमध्ये, म्हंजे विमानं ठेवायच्या शेडमध्ये, कामाला होता ती मार्था नावाच्या बाईची, साठी उलटलेली, स्वतः पायलट, कमी बोलणारी. मी एकदा निखिलचा डबा घेऊन गेले तर ही बाई एका पंखाला हातभर लांब सुई टोचत होती. पंखाच्या आत लाकडाच्या पातळ फासळ्या असत्यात, वरनं खालनं कापड, अन् ते कापड फासळीला टाक्यानं बांधायचं, प्रत्येक टाक्याला गाठ. दोऱ्याला मेण. मी तितंच उभी राहिले, डबा हातात तसाच. मार्थानं वर बघितलं, सुई पुढं केली.

अशी मी लागले कामाला. लगेच जमलं असं न्हाई हां, मंडपाचा टाका वेगळा अन् हा वेगळा, माझा पहिला पंख मार्थानं निम्मा उसवायला लावला, गाठी म्हणली सारख्या न्हाईत, अन् बरोबरच होतं तिचं. शिवून झालं की चक्क इस्त्री फिरवायची, अन् इस्त्रीनं ते कापड आवळतं, आवळतं, ढोलकीसारखं वाजायला लागतं. मग रंगाचे हात. हिवाळ्यात बाहेर सगळं पांढरं, आत शेगडी, मार्था एका बाजूला अन् मी एका बाजूला, मधी पंख, ती हिकडनं सुई घालायची अन् मी तिकडनं ओढून परत द्यायची. दिवसभर बोलणं न्हाई. मला आयुष्यात एवढं शांत कधी वाटलं न्हाई.

निखिलनं तवर उडवायचं शिकून घेतलं. मार्थानंच शिकवलं. अन् चांगलं उडवायचा, मी आई म्हणून सांगत न्हाई, मार्था म्हणायची त्याचा हात हलका हाये. पण तरणं पोर, हात हलका असला की डोकंपण हलकं होतं. इथल्या पोरांचा एक खेळ असतो. नदीवर विमान एवढं खाली आणायचं की टायर पाण्याला टेकले पाहिजेत, अन् वेगात असलं की टायर पाण्यात बुडत न्हाईत, पाण्यावरनंच पळत्यात, आपण चपटा दगड पाण्यावर मारतो तसं. असं पाण्यावरनं पळत पळत यायचं अन् पुढं वाळूचं बारकं बेट असंल त्यावर चढून थांबायचं. वेग जरा कमी पडला तर टायर पाण्यात घुसणार, विमान नाकावर उलटं. निखिल ते करायचा. त्याचा व्हिडिओ हँगरमध्ये सगळ्यांनी बघितला, पोरं ओरडली, टाळ्या वाजवल्या. मार्थानं बघितला अन् बाहेर निघून गेली. मला निखिल म्हणला, आई, बघ ना, तुझेच पंख आहेत. मी बघितला. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू, पाण्यावर पांढरी रेघ ओढत गेल्यासारखं सुंदर. अन् मी त्यो परत बघितला न्हाई.

आता ते सांगते, ज्याच्यासाठी तुमी आलाय.

उन्हाळ्यातली गोष्ट. पाऊस होऊन गेला होता अन् दोन-चार दिवस लख्ख ऊन पडलं. निखिल म्हणला, आई, चल, तू नुसती पंख शिवतेस, मी तुला माझी जागा दाखवतो, तिथं लंच करू. मी दशम्या केल्या, शेंगाची चटणी घेतली, थर्मासमध्ये चहा. मागं बसले. पुढं त्याचं डोकं, अन् डोक्यात त्याच्या वडलांसारखाच भोवरा, मला सगळा रस्ताभर तोच दिसत होता. खाली नदी. इथली नदी एक नसते, ताई, बर्फाच्या डोंगरातनं येते अन् तिचे असे पाच-पन्नास फाटे होत्यात, वेणी मोकळी सोडल्यासारखे, अन् मधी मधी वाळूची बेटं. पाणी राखेच्या रंगाचं. त्यो म्हणला, ते बघ, ते माझं. मी म्हटलं, कुठं, मला तर दिसंना. एवढंसं बेट.

उतरला. छान उतरला, धड एक धक्का न्हाई. आमी गोट्यांवर बसून जेवलो. गुलाबी फुलांचे तुरे होते काठाला, अन् पांढरी पाखरं, डोक्यावर काळी टोपी, लाल चोच, त्यांची अंडी असावीत जवळ कुठंतरी, ती आमच्या डोक्यावर झडप घालायची अन् निखिल हसायचा. अन् त्या पाण्याचा आवाज काय सांगू तुमाला, त्यात बारीक माती असते, ती गोट्यांना घासत जाते, तर नदी चरचर करते, कढईत काहीतरी तळतंय असं. मला डुलकी लागायला आली होती.

डोळे उघडले तर थर्मास पाण्यात. मी कोरड्या गोट्यांवर ठेवला होता. निखिल, म्हटलं, पाणी वाढतंय. त्यो उभा राहिला अन् त्याचा चेहरा बदलला. ऊन तापलं की वर बर्फ वितळतो अन् दुपारनंतर नदी चढते, हे त्याला माहीत होतं, पण त्या दिवशी ती लई लवकर चढली. विमानाचं एक चाक ओल्या वाळूत बसलं होतं. आमी दोघांनी ढकलून ते कोरड्यावर आणलं. पण कोरडं उरलं होतं किती. त्यो बेटाच्या ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला, अन् म्हणला, आई, दोघांना घेऊन नाही उठणार. मग म्हणला, ट्राय करू का? मीच म्हटलं, न्हाई. तू एकटा जा.

डोंगरामागं एक शिकाऱ्यांची झोपडी हाये, तितं उतरायला मोकळी जागा हाये. त्यो म्हणला, मी तिथं टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये काढून, सामान टाकून हलका होऊन येतो, मग तुला उचलतो. मला त्याचं नारिंगी जाकीट घातलं, अस्वल आलं तर मारायचा फवारा हातात दिला. मी म्हटलं, जा, मी हाये हितंच. कुठं जाणार होते मी.

त्यो उठला तवा चाकं शेवटी पाण्यातनंच गेली. दोन पांढऱ्या रेघा, अन् मग वर. आवाज लहान होत गेला, डोंगरामागं गेला, अन् मग नुसती नदीची चरचर.

मी एकटी. आता तुमी विचारणार, भीती वाटली का. अगोदर वाटली. मग न्हाई. कसं सांगू, चारी बाजूंनी ते राखेच्या रंगाचं पाणी एकाच दिशेनं चाललेलं, त्याच्याकडं बघत राहिलं की वाटायचं पाणी थांबलंय अन् माझं बेटच उलटं वर चाललंय, डोंगराकडं, हळू हळू, मला घेऊन. पाखरांनीपण मला सोडून दिलं. ऊन अंगावर. मी बार्शीत हाये का सोलापुरात का हितं, काही उमगंना, निखिल लहान हाये असंही वाटलं मधीच. बेटाची कड माझ्याकडं सरकत होती अन् मी उठून जरा वर बसत होते, परत जरा वर.

मग आवाज आला. विमान डोंगरावरनं आलं, माझ्यावरनं गेलं, अन् मला वाटलं आता उतरंल. पण उतरायला जागा कुठं होती. बेट निम्मं झालं होतं. त्यो लांब गेला, नदीवर लई लांब, वळला अन् खाली आला. खाली, अजून खाली. अन् मला कळलं. त्यो पाण्यावरनं येणार होता. टायर पाण्याला टेकवून, पळत, अन् माझ्या बेटावर चढणार होता.

मी विचार केला न्हाई, ताई. लोक म्हणत्यात मला सुचलं कसं. सुचलं-बिचलं काही न्हाई. मी उठले अन् त्या बेटाच्या मधोमध जाऊन उभी राहिले, त्याच्या तोंडासमोर, दोन्ही हात पसरून. ये म्हणून न्हाई. येऊ नको म्हणून. उतरायचं असंल तर माझ्यावरनं उतर.

समोरनं विमान येतंय, पंखा फिरतोय, टायर पाण्याला शिवले ते मला दिसलं, पाणी उडलं. मी हलले न्हाई. अन् मग त्यानं नाक वर घेतलं, माझ्या डोक्यावरनं असं गेलं की जाकीट फडफडलं, अन् मी वर बघितलं तर पंखाची खालची बाजू, अन् त्यावर माझ्या टाक्यांच्या ओळी, एकाखाली एक. मी त्या ओळखल्या. त्या गोंधळातसुद्धा मनात आलं, बऱ्या आल्यात.

त्यो परत आला. मी परत हात पसरले. ओरडत होते मी, त्याला काय ऐकू येणार, उतरू नको, निख्या, उतरू नको. त्यो परत वर गेला. मग आला तो उंचावरनं, सावकाश, अन् उजवा पंख खाली करून नदीच्या पलीकडच्या बाजूला गोल फिरला. तितं लांबलचक वाळू होती. तितं उतरता येत होतं. पण मधी पाण्याचा एक फाटा होता, अन् त्यो मला ओलांडायचा होता.

मार्थानं एकदा सांगितलं होतं, नदी ओलांडायची तर काठी घ्यायची, पाणी येतं तिकडं तोंड करायचं अन् आडवं आडवं सरकायचं. वाहून आलेलं एक लाकूड घेतलं. पिशवी गळ्यात. पाणी पायाला लागलं अन् कळ डोक्यात गेली, एवढं गार. गुडघे, मग मांड्या. तळ दिसत न्हाई, खालचे गोटे सरकत्यात, पाय हाये का न्हाई ते समजत न्हाई. मधी एका जागी मी थांबले, पुढं जाववंना, मागं जाववंना, अन् अशा वेळी म्हणे देव आठवतो, मला आठवलं काय, तर घरी दही लावायचं राहिलंय. खरं सांगते. दूध ओट्यावर तसंच हाये, नासंल. मग सरकले.

पलीकडं निखिल उतरून पळत येत होता. पाण्यात कमरेपर्यंत आला अन् मला धरलं अन् ओढलं, अन् आमी दोघं वाळूवर पडलो. अन् आधी त्यो चिडलाच. आई, व्हॉट वेअर यू डुइंग, मी लँड करणार होतो, आय हॅड इट! मी म्हटलं, मला तितं बेटावर बसलेलं चाललं असतं, बुडाले असते तरी चाललं असतं, पण तू पाण्यात उलटा झालेला मी काठावरनं बघायचा, ते मला चालणार न्हाई. एक माणूस मी बघितलंय असं, खाली बसलेलं. पुरे.

त्यो वाळूत बसून रडला, मोठा घोडा, लहानपणी रडायचा तसा, तोंड उघडं टाकून. मी त्याला रडू दिलं. माझे पाय त्यानं पोटाशी धरले होते गरम करायला.

परत असं करू नको म्हणून मी त्याला शपथ घातली न्हाई. मार्था त्याला काय बोलली ते मला माहीत न्हाई, दोघं हँगरचं दार लावून बसले होते. त्यो पाण्यावरचा व्हिडिओ त्यानं आपणहून काढून टाकला. एकदा भाजी चिरता चिरता मला म्हणला, आई, तू नसतीस ना उभी राहिली तर मी केलं असतं. अन् मला वाटतं, झालंही असतं. मी म्हटलं, असंल. झालंही असतं. मग आमी भाजी चिरली.

वाळूवर उतरणं त्यानं सोडलं न्हाई, ते त्याचं कामच हाये, कसं सोडणार. शिकारी असत्यात, नदीवर अभ्यास करणारी तुमच्यासारखी पोरं-पोरी असत्यात, त्यांना सोडायचं, आणायचं. अन् गावागावाला पोस्ट. पण आता बेटावर दोन-तीनदा घिरट्या घालतो, नदीला विचारल्यासारखं करतो, मग उतरतो, अन् पटलं न्हाई तर परत येतो. लोक चिडत्यात. चिडू देत.

मार्थाची नजर कमी झालीये, सुईत दोरा मी ओवून देते. काम चाललंय आमचं.

अन् मी जाते की त्याच्याबरोबर, तुमाला वाटलं असंल न्हाई जात. हवा चांगली असली अन् मागची सीट रिकामी असली की म्हणतो, आई, इमान चाललंय, येतेस का. अन् काय सांगू, मला त्यात झोप लागते. खाली डोंगर, ढग, कधी ढगच खाली, अन् त्यो इंजिनाचा आवाज, अन् मी जाते कुठंतरी. उतरतो तेसुद्धा मला कळत न्हाई. आवाज बंद झाला की जाग येते, डोळे उघडावे तर कुठलं तरी गाव, पोरं पोस्टाच्या पिशव्या न्यायला आलेली, अन् निखिल मागं वळून म्हणतो, आई, ऊठ, पोचलो. असाच हलक्या हातानं उतरत राहो बाबा, झोपलेल्या माणसाला कळू नये असा. बाकी मला काय पाहिजे. थांबा, तुमी जेवूनच जायचं हां, भाकरी होतच आलीये.